गेले कोण, गायले कोणी?

नवरा लढाईवर जाऊन सात वर्षे लोटली आहेत. रस्त्याने चाललेल्या एका शिपायाला बाई विचारते, माझा धनी कुठे दृष्टीस पडला का? शिपाई खाणाखुणा विचारतो, ती सांगते, आणि तो उत्तर देतो की तो तर मेला. मरताना तुझा हात माझ्या हाती देऊन गेला. बाई बधत नाही. सात वर्षे थांबले, आणखी सात थांबेन, तरी आला नाही तर मठात जाईन, असे ती सुनावते. तेव्हा शिपाई आपली ओळख देतो. नवरा तोच. स्पेनमधल्या खेड्यांत, मोरोक्को-तुर्कस्तानातल्या सेफार्दी ज्यूंच्या घरांत आणि अटलांटिकपलीकडच्या देशांत हे कथागीत पिढ्यान्‌पिढ्या गायले गेले. मेक्सिकोत मात्र त्याचा शेवट पार उलटला. तिथल्या बऱ्याच पाठांत शिपाई तो शिपाईच राहतो, नवरा काही परतत नाही, आणि बाई काळी ओढणी घेऊन आरशासमोर उभी राहते. विधवेच्या वेषात आपण काय शोभतो, हे बघायला!

स्पॅनिश लोकगीत म्हटले की खिडकीखालचा प्रियकर, गिटार आणि न संपणारे उसासे एवढेच चित्र डोळ्यांसमोर येते. गाण्यांचा खरा साठा याहून बराच बेरकी आहे. ताटातुटीच्या गाण्यांत गेलेला माणूस सहसा कशासाठी तरी गेलेला असतो. मेंढरे घेऊन, सैन्यात, जहाजावर, खाणीत, सीमेपलीकडच्या शेतात. दैवाला दोष देणारी गाणी आहेतच, पण त्या दैवामागे बहुतेक वेळा एखादा सरकारी हुकूम नाहीतर रिकामे कोठार असते. शिवाय गाणे कोणाच्या तोंडी आहे, जाणाऱ्याच्या की मागे राहणारीच्या, हा प्रश्न या परंपरेत हजार वर्षे हेलकावे खात आला आहे.

सुरुवात मागे राहणारीपासून होते. १९४८ मध्ये सॅम्युएल स्टर्न या अभ्यासकाने ‘अल-अंदालुस’ या नियतकालिकात वीस लहानशी कडवी प्रसिद्ध केली आणि युरोपीय काव्याच्या इतिहासाची पहिली पाने बदलली. अकराव्या-बाराव्या शतकातल्या मुस्लिम स्पेनमध्ये हिब्रू आणि अरबी कवी ‘मुवश्शह’ नावाची नटवी दरबारी रचना करत. तिच्या अखेरीस कधीकधी रस्त्यावरच्या बोलीतल्या दोन-चार ओळी जोडलेल्या असत. त्यांना खार्चा म्हणतात. ही बोली स्पॅनिशची जुनी बहीण. लिहिलेली मात्र हिब्रू किंवा अरबी लिपीत. आणि बोलणारी जवळपास नेहमी मुलगी. तो गेला, केव्हा येईल, मी काय करू, असे ती आईला किंवा बहिणींना विचारते. प्रियकराला ती अरबी शब्दाने ‘हबीब’ म्हणते. तोवर रोमान्स भाषांमधल्या भावकवितेचा उगम दक्षिण फ्रान्समधल्या सरदार-कवींपाशी मानला जात होता. त्यांच्याही आधी अंदालुसियातली ही मुलगी दारात उभी होती, हे कळल्यावर दामासो आलोन्सोसारख्या समीक्षकांना झालेला आनंद समजण्याजोगा आहे.

त्या आनंदाला पुढे विरजण लागले. या लिप्यांत बरेचसे स्वर लिहिले जात नाहीत, नकलाकारांना ती बोली येत नसावी, त्यामुळे कित्येक खार्चांचे वाचन म्हणजे तज्ज्ञांचा अंदाज आहे. दुसरी अडचण अधिक मूलभूत. ज्या रचनांना त्या जोडल्या होत्या त्यांचे कवी पुरुष होते. येहुदा हालेवीसारखा थोर हिब्रू कवी त्यांत आहे. मग ती मुलगी खरोखर बाजारातून उचललेली की कवीने रंगवलेली? दोन्ही थोडेथोडे, हेच उत्तर पटते. लोकांच्या तोंडी तशी गाणी नसती तर त्यांची नक्कल करण्यात दरबाराला गंमत वाटली नसती. तेराव्या शतकात वायव्येकडच्या गालिसियामध्ये मार्तिन कोदाश याने विगोच्या समुद्राकाठी वाट पाहणाऱ्या मुलीच्या तोंडी गाणी लिहिली. ती भाषा गालिसियन-पोर्तुगीज, म्हणून इथे तिचा उल्लेख पुरे; पण पुरुषाने रचलेला बाईचा विरह ही रीत तिथेही तीच.

स्पॅनिश लोकगीताचा जीव मात्र कोप्लात आहे. आठ-आठ अक्षरांच्या चार ओळी, दुसरी आणि चौथी यमकात, बस्स. जात्यावरच्या ओवीप्रमाणे प्रत्येक कोप्ला स्वयंपूर्ण. ती कुठल्याही चालीत, कुठल्याही गाण्यात जाऊन बसते. त्यामुळे एकच निरोप सेव्हियात फ्लामेंकोच्या आर्त तानेत ऐकू येतो आणि वेराक्रुसमध्ये नाचाच्या ठेक्यावर. ‘सिएलितो लिंदो’ हे मेक्सिकोचे जणू दुसरे राष्ट्रगीत. १८८२ मध्ये किरिनो मेंदोसा इ कोर्तेस याने ते बांधले असे मानतात. पण त्यात ज्या डोंगरातून काळेभोर डोळे उतरतात तो सिएरा मोरेना मेक्सिकोत नसून अंदालुसियात आहे. कडवे समुद्र ओलांडून आले, डोंगर बदलण्याची तसदी कोणी घेतली नाही.

ही कडवी गोळा करणारी माणसेही चिवट. फ्रान्सिस्को रोद्रिगेस मारीन याने १८८२-८३ मध्ये पाच खंडांत आठ हजारांहून अधिक गाणी छापली आणि प्रेमाचा संसार एखाद्या कारकुनाच्या नेटकेपणाने लावला. खुशामत, मागणी, लाडीगोडी, एकनिष्ठा, खिडकीखालचे गाणे व निरोप, विरह, मत्सर, तक्रारी, तिरस्कार, समेट आणि शेवटी लग्न. निरोप आणि विरह या दोन वेगळ्या फायली आहेत, हे त्याने बरोबर हेरले. निरोप रात्रीपुरता असू शकतो. खिडकीखाली गाणारा पहाटे घरी जाणारच असतो. विरहाला मुदत नसते. मेक्सिकोत मार्गित फ्रेंक यांनी ‘एल कोलेहियो दे मेहिको’ या संस्थेतल्या चमूबरोबर केलेला संग्रह १९७५ ते १९८५ या काळात पाच खंडांत आला. त्याचा पहिला खंड सुखी प्रेमाचा, दुसरा दुःखी प्रेमाचा आहे. हे गाणे मुळातच रडके, असे समजणाऱ्यांनी तो पहिला खंड नुसता हातात तोलून पाहावा.

आता जाणाऱ्यांकडे वळू. कास्तियाच्या उत्तरेकडचे मेंढपाळ थंडी पडली की कळप घेऊन दक्षिणेला एस्त्रेमादुराच्या कुरणांत उतरत आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतत. दहाव्या आल्फोन्सो राजाने १२७३ मध्ये त्यांच्या ‘मेस्ता’ या संघाला सनद दिली आणि तो १८३६ पर्यंत टिकला. म्हणजे साडेपाचशेहून अधिक वर्षे सोरियासारख्या भागांतली कितीतरी गावे अर्धे वर्ष पुरुषांविना राहिली. तिथल्या एका प्रसिद्ध गाण्यात मेंढपाळ निघतात आणि मागे डोंगर उदास पडतो. प्रेयसीचा चेहरा नाही, कारण नाही, प्रश्न नाही. वर्षात ठरल्या वेळी येणाऱ्या ताटातुटीला तेवढे पुरते.

सैन्याची गोष्ट वेगळी होती. एकोणिसाव्या शतकात स्पेनमध्ये चिठ्ठी टाकून रंगरूट निवडत; त्यांना ‘किंतो’ म्हणत. ज्याच्याकडे पैसे असतील तो सुटका विकत घेई: देशातल्या नोकरीसाठी १,५०० पेसेता, समुद्रापारच्या नोकरीसाठी २,०००. शेतमजुराला हे स्वप्नातही शक्य नव्हते. १८९५ नंतर क्युबातल्या युद्धावर दोन लाखांहून अधिक शिपाई पाठवले गेले आणि त्यांतले बहुतेक बळी गोळीने नव्हे, पीतज्वरासारख्या रोगांनी घेतले. निघण्यापूर्वी किंतो रात्रभर गावात फिरत, घरोघरी अंडी-सॉसेज गोळा करत आणि मुलींच्या खिडक्यांखाली गात. त्या गाण्यांत बढाई असते, आईची काळजी असते, आणि माझ्या मागे दुसऱ्याकडे बघू नकोस ही धमकीवजा विनवणी असते. इथे गाण्याची सूत्रे जाणाऱ्याने हाती घेतलेली दिसतात. खार्चातली मुलगी विचारत होती, तो केव्हा येईल. किंतो तिला सांगतो, तू अशी वाग.

या बदलाचे सर्वांत यशस्वी अपत्य म्हणजे ‘ला पालोमा’. बास्क प्रांतातल्या सेबास्तिआन इरादिएर याने १८६० च्या सुमारास ते रचले. हवाना बंदर सोडून निघालेला माणूस प्रेयसीला सांगतो की तुझ्या खिडकीशी कबुतर आले तर ते मीच समज. त्याचा हिंदोळता ठेका हाबानेराचा; क्युबात जन्मलेला आणि जहाजांबरोबर स्पेनला पोचलेला. हे गाणे जगभर इतके पसरले की रचनाकार झाकला गेला आणि ते ‘लोकगीत’ झाले. इरादिएरच्या वाट्याला हे दोनदा आले. बिझेने १८७५ च्या ‘कारमेन’साठी एक लोकधून म्हणून जी उचलली तीही इरादिएरचीच निघाली, मग स्वरलिपीत तशी टीप घालावी लागली. इरादिएर त्याआधीच, १८६५ मध्ये वारला होता. भूमध्य समुद्राकाठच्या तोरेव्हिएहा या मिठागरांच्या गावात १९५५ पासून हाबानेरांची गायनस्पर्धा भरते. मीठ भरून क्युबाला गेलेली जहाजे परत येताना ही गाणी घेऊन येत, असे तिथले लोक अभिमानाने सांगतात.

जुनेपणाचा मोह या क्षेत्रात फार. १४९२ मध्ये स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या ज्यूंनी आपली स्पॅनिश सालोनिका, इझमीर, सारायेव्होपर्यंत नेली आणि जपली, हे खरे. कथागीतांचे अभ्यासक रामोन मेनेंदेस पिदाल यांच्यासाठी मानुएल मान्रिके दे लारा १९११ मध्ये बाल्कन देशांत गेला तेव्हा स्पेनमध्ये विरळ झालेली कथागीते त्याला तिथे सापडली. पण सेफार्दी गाण्यांतले आज सर्वांत लाडके निरोपगीत ‘आदियो केरिदा’ घ्या. ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवर ते हमखास १४९२ च्या दुःखाशी जोडलेले असते. त्याची चाल मात्र व्हेर्दीच्या ‘ला त्राव्हियाता’ मधल्या, मरणासन्न व्हियोलेताच्या निरोपाच्या गाण्याशी थक्क करण्याइतकी जुळते, आणि तो ऑपेरा १८५३ चा. म्हणजे हे गाणे निर्वासितांच्या तांड्यांतून आलेले नसून ऑटोमन शहरांतल्या नाटकगृहांच्या आसपास घडलेले असण्याचा संभव जास्त. त्याने गाण्याची गोडी कमी होत नाही. वेष्टनावरचा मजकूर तेवढा बदलायला हवा.

मेनेंदेस पिदाल यांची स्वतःची गोष्टही इथलीच. १९०० मध्ये लग्नानंतरच्या प्रवासात ते आणि मारिया गोयरी ओस्मा इथे थांबले असता एक धोबीण जे गुणगुणत होती ते गोयरींनी ओळखले: राजपुत्र हुआन याच्या मृत्यूचे कथागीत. हा राजपुत्र १४९७ मध्ये लग्नानंतर काही महिन्यांतच मरण पावला. कथागीत कास्तियाच्या मुखातून केव्हाच पुसले गेले, असा तेव्हाच्या विद्वानांचा समज होता. चार शतकांपूर्वीचा निरोप त्या बाईच्या तोंडी जिवंत होता. श्रेय बहुतेक ठिकाणी नवऱ्याला मिळते. कान गोयरींचा होता.

दक्षिण अमेरिकेत निरोपाने वेगळे अंग धरले. पेरूतल्या आरेकिपाचा मारियानो मेल्गार (जन्म १७९०) हा याराबी या संथ, काळजाला घरे पाडणाऱ्या गीतप्रकाराचा कवी. याराबीची मुळे केचुआ भाषेतल्या गाण्यांत. मेल्गारने ती स्पॅनिशमध्ये आणली आणि ‘सिल्व्हिया’ या नावाआड दडवलेल्या प्रेयसीला उद्देशून लिहिली. तो स्पॅनिश सत्तेविरुद्धच्या उठावात सामील झाला, उमाचिरीच्या लढाईत पकडला गेला आणि मार्च १८१५ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्याला गोळी घालण्यात आली. त्यानंतर त्याचे प्रेमातले निरोप लोक साहजिकच मृत्यूचे निरोप म्हणून ऐकू लागले. गंमत अशी की अँडीजमध्ये या संथ गाण्यापाठोपाठ बहुधा एक द्रुत तुकडा येतो आणि आत्ताच डोळे पुसणारे लोक पाय आपटत नाचू लागतात. सण संपताना किंवा पाहुणा निघताना वाजणारी ‘काचार्पाया’ ही निरोपाची धूनही तशीच, वरातीसारखी धामधुमीची. अँडीजबाहेरचे श्रोते दुःखाचा तुकडा ऐकून उठतात आणि मग या संगीताला ‘उदास’ म्हणतात.

निरोप हा केवळ विषय नव्हे, शिष्टाचारही आहे. आरागोनमध्ये खिडक्यांखाली गात फिरणारे तरुण अखेरीस ‘होता’ या तिथल्या गीतप्रकारातले निरोपाचे गाणे गायल्याशिवाय निघत नाहीत. मेक्सिकोतल्या ‘कोरिदो’ या कथागीताच्या शेवटच्या कडव्यात गायक श्रोत्यांची रजा घेतो, पुष्कळदा एखाद्या पक्ष्याला निरोप्या करून. ज्याला आपण हृदय पिळवटणारी ओळ समजतो ती कित्येकदा ‘आता येतो’ एवढीच असते.

मेक्सिकोत मात्र या शिष्टाचाराला इतिहासाने रक्तमांस दिले. नार्सिसो सेरादेल याने १८६२ मध्ये चाल दिलेले ‘ला गोलोंद्रिना’, घर हरवलेल्या पाकोळीचे गाणे, आज निवृत्तीच्या समारंभात, शाळेच्या शेवटच्या दिवशी आणि अंत्ययात्रेत सारख्याच सहजतेने वाजते. १९१० च्या क्रांतीत बायका स्वयंपाकाची भांडी, पोरे आणि प्रसंगी बंदुका घेऊन फौजांबरोबर आगगाड्यांतून हिंडल्या. म्हणूनच ‘ला आदेलिता’ मध्ये चित्र उलटे आहे: शिपायाला धास्ती आहे की आदेलिताच दुसऱ्याबरोबर निघून जाईल, आणि तसे झाले तर जमीन-समुद्र पालथे घालण्याची त्याची तयारी आहे. वाट पाहणारी बाई या गाण्यात सापडत नाही, कारण ती गाडीत चढलेली आहे.

त्याच सुमारास ओआहाकाचा होसे लोपेस आलावेस मेक्सिको शहरात गावच्या आठवणीने कासावीस होऊन ‘कान्सियोन मिस्तेका’ रचत होता. पुढे १९४२ ते १९६४ या काळात ‘ब्रासेरो’ योजनेखाली मेक्सिकन मजुरांशी अमेरिकेतल्या शेतांसाठी पंचेचाळीस लाखांवर करार झाले आणि आलावेसचे गाणे सीमेपलीकडच्या माणसाचे झाले. प्रेयसीची जागा गावाने घेतली. स्थलांतराच्या गाण्यांत हे वारंवार घडते. ओढ तीच, पत्ता वेगळा. स्पेनमध्ये हुआनितो वाल्देरामाचे ‘एल एमिग्रांते’ (१९४९) हे याचे जुळे भावंड. तांहियरमध्ये भेटलेल्या, हुकूमशहा फ्रँकोमुळे परागंदा झालेल्या देशबांधवांना पाहून ते सुचले, असे वाल्देरामा सांगत असे. फ्रँकोला ते इतके आवडले की त्याने पुन्हा म्हणायला लावले, हीही त्याचीच आठवण. साठच्या दशकात जर्मनी-स्वित्झर्लंडला निघालेल्या स्पॅनिश कामगारांनी ते आपलेसे केले. हुकूमशहापासून निर्वासितापर्यंत सगळ्यांना एकच गाणे चालले, याचे कारण त्यात गेलेला माणूस का गेला हे कुठेच म्हटलेले नाही. लोकगीताची ही ताकद आहे आणि पळवाटही.

मागे राहणारीचा आवाज विसाव्या शतकात परत आला, पण खार्चातल्या मुलीसारखा नव्हे. टेक्सासच्या लिदिया मेंदोसाने १९३४ मध्ये सान अँतोनियोत ‘माल ओंब्रे’ ध्वनिमुद्रित केले: फसवून निघून गेलेल्या पुरुषावर थेट आरोपपत्र. त्याचे शब्द तिला लहानपणी च्युइंगमच्या वेष्टनावर छापलेले मिळाले होते. कोस्तारिकात १९१९ मध्ये जन्मलेल्या चावेला वार्गासने मेक्सिकोत पुरुषांनी बाईला उद्देशून लिहिलेली गाणी गायली आणि त्यांतले लिंग बदलण्याचे साफ नाकारले. तिच्या गळ्यात ‘ला योरोना’ ऐकताना कोण कोणाला सोडून गेले, हा प्रश्नच नव्याने पडतो. चिलीत व्हियोलेता पारा १९५३ पासून खेडोपाडी म्हाताऱ्या गायकांकडून गाणी टिपत होती. तिचा स्विस सोबती गिल्बेर फाव्र तिला सोडून बोलिव्हियाला गेला तेव्हा तिने ‘रुन रुन से फुए पाल नोर्ते’ लिहिले. त्यात ना शाप आहे ना विनवणी. तो गाडीतून उत्तरेला गेला, एवढी वार्ता ती फिरवून फिरवून सांगते. १९६६ च्या तिच्या अखेरच्या संग्रहात ते आले. पुढच्या फेब्रुवारीत तिने आयुष्य संपवले. लोकपरंपरेचा इतका अभ्यास आणि इतकी खासगी जखम एकाच गाण्यात क्वचितच भेटतात.

चिलीतच या परंपरेची कसोटी लागली. कुएका हे तिथले प्रणयनृत्य. स्त्री आणि पुरुष हातरुमाल फिरवत एकमेकांभोवती घिरट्या घालतात, स्पर्श न करता. १९७३ च्या लष्करी बंडानंतर शेकडो माणसे उचलली गेली आणि त्यांचे काय झाले हे सरकारने सांगितले नाही. ८ मार्च १९७८ रोजी सांतियागोच्या काउपोलिकान नाट्यगृहात बेपत्तांच्या नातेवाईक स्त्रियांनी कुएका एकट्याने केली. समोरची जागा रिकामी, छातीवर नवऱ्याचा, भावाचा, मुलाचा फोटो. आजवरच्या प्रत्येक गाण्यात निदान निरोप तरी झालेला होता. या स्त्रियांना तोही मिळाला नव्हता. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९७९ मध्ये, लष्करशहा पिनोचेतच्या सरकारने फर्मान काढून कुएका हे चिलीचे राष्ट्रीय नृत्य असल्याचे जाहीर केले. स्त्रिया नाचतच होत्या, तेही त्याच राष्ट्रीय नृत्याच्या नियमांनी, हातात रुमाल घेऊन.